एंजल माशांच्या टाकीत

"नाही देणार," तो म्हणाला.

ताश्कंदच्या पाखरबाजारात रविवारची गर्दी होती. ओला बर्फ भुरभुरत होता आणि माशांच्या बरण्यांवर वाफ धरली होती. मी दहा इवल्याशा निऑन माशांचे पैसे पुढे केले होते, आणि हा माणूस कोटाच्या खिशात हात घालून उभा!

"तुम्ही विकायला बसलात, मी घ्यायला आले. अडचण काय?"

"घरी कोणते मासे आहेत?"

"एंजल. चार. पंज्याएवढे."

"मग निऑन न्याहारीला हवेत का? गांडुळं स्वस्त पडतील."

मी हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदाच... आणि लगेच काळा रुमाल ओठांवर ओढला. बाबा गेल्यापासून तो डोक्यावरच होता.

"बरं, मग ते पिवळे?"

"ते आफ्रिकेतल्या तळ्यातले. त्यांना जड, चुन्याचं पाणी लागतं. शिवाय महाभांडखोर. एंजलच्या झालरी दोन दिवसांत कातरतील. तुमच्या टाकीत पाणी कुठलं?"

"बर्फाचं. बाबा अंगणात बादल्या ठेवायचे. वितळवायचे, गाळायचे. पुस्तकात आहे ना — एंजलला हलकं पाणी लागतं."

"आणि यंदा?"

यंदा बर्फ धड पडलाच नव्हता. "बाबांनी भरलेला शेवटचा कॅन उरलाय," मी म्हटलं.

त्यानं खिशातून हात काढले.

"पुस्तक अ‍ॅमेझॉनच्या माशांसाठी लिहिलंय. तुमचे कुठे जन्मले?"

"चिलानझारला. बाबांच्या मित्राकडे."

"मग ते ताश्कंदचेच! नळाचं पाणी रात्रभर शिळं करा आणि रोज तांब्याभर घाला. घाई नको. महिन्याभरात पाणी मधलं होईल. मग मी तुम्हाला तलवारशेपट्या देईन. लाल. त्यांना जड पाणी आवडतं, पण तेवढ्यावर भागेल. एंजलच्या तोंडात मावत नाहीत, आणि कुणाला घाबरतही नाहीत."

"आणि एंजल मेले तर?"

"तर माझ्या नावानं बोटं मोडा. एदिक हेगाय." तो हसला. "माझ्या आजीला सरकारनं पार पूर्वेच्या समुद्राकाठून मालगाडीत कोंबून इथे आणून सोडलं होतं. आम्हा कोरियनांना कुठलं पाणी मानवतं, हे तिला कुणी विचारलं नाही. मी इथल्या चिर्चिक नदीचं पाणी पितो. बघा, जगलोय."

मी बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

बाबांच्या मोठ्या बहिणीचा, मस्तूरा आत्याचा, हुकूम सुटला होता. टाकी विकायची, घराला कुलूप लावायचं आणि तिच्याकडे राहायला जायचं. वर्ष सरलं की स्थळ बघायचं. मी एकतीस वर्षांची होते, माझं माझं कमवत होते. पण टाकी गेली की मागोमाग मीही जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी रोज तांब्याभर पाणी घालत राहिले. दर रविवारी बाजारात जाऊन हिशेब देत राहिले.

"चौघंही खातायत."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"जेवताय का? मागच्या रविवारपेक्षा बारीक दिसताय."

"माशांपुरतं बोला, हेगाय."

"माशांचंच बोलतोय. त्यांना सांभाळणारी टिकायला हवी ना..."

पाचव्या रविवारी तो स्वतःच पिशवी घेऊन घरी आला. एक नर, तीन माद्या.

"तीन कशाला?"

"एकटी असली तर हा दिवसभर तिच्याच मागे लागतो. जीव नकोसा करतो तिचा."

"तुम्ही नाही वाटतं तसले?"

"मी फक्त रविवारी मागे लागतो." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... आत्तापर्यंत तरी."

पिशवी टाकीत तरंगत होती. तो त्यात थोडंथोडं पाणी सोडत होता आणि मी त्याच्या ओल्या मनगटाकडे बघत होते. मग लाल मासे सुटले. एंजल एकदा दचकले, बाजूला झाले... आणि पुन्हा आपल्या वाटेनं फिरू लागले.

आत्या आली ती नेमकी तेव्हाच. तिनं मासे पाहिले, एदिकच्या दुमडलेल्या बाह्या पाहिल्या.

"विकायची टाकी, आणि तू भरतेयस?"

"विकत नाहीये, आत्या."

"आणि हा कोण?"

"एदिक. मासे यानंच निवडले."

"बाई गं, जात बघून पाणी द्यावं लागतं. वेगळ्या पाण्यातलं वेगळ्याच पाण्यात बरं. तुझ्या बापाला हे कळत होतं."

"बाबांना माशांमधलं कळत होतं," मी म्हटलं. "माणसं निवडताना त्यांनी कधी पुस्तक उघडलं नाही."

आत्या जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाशी बसली, किटली ओढली आणि एदिकचा पियाला काठोकाठ भरून त्याच्यापुढे सरकवला. आमच्याकडे पाहुण्याला चहा दोन घोटच देतात. पुन्हापुन्हा भरून देता यावा म्हणून. काठोकाठ पियाल्याचा अर्थ एकच — प्या आणि निघा.

एदिक ताश्कंदचाच. त्याला कळलं. त्यानं बाह्या सरळ केल्या आणि पियाल्याकडे हात नेला.

मी तो त्याच्या बोटांखालून उचलला. आत्याच्या डोळ्यांत डोळे घालून सगळा चहा किटलीत परत ओतला. मग दोन घोट घातले, पाहुण्याला मान देताना ठेवतात तसा छातीवर हात ठेवला आणि पियाला त्याच्यापुढे धरला.

"सबोहत!" आत्यानं मला नावानं दटावलं. "बाप जाऊन वर्ष नाही झालं..."

"वर्षभर रडेन, आत्या. पण माझ्याच घरात. आणि हा इथे येत राहील."

एदिकनं पियाल्यात डोकावून पाहिलं.

"एवढासाच?"

"एवढासाच. संपव, मग मागून घे."

त्यानं एका दमात चहा संपवला आणि रिकामा पियाला माझ्यापुढे केला.