परत ओतलेलं पाणी

माझ्या बोटीत एक अनोळखी माणूस बादली घेऊन उभा होता… आणि शांतपणे पाणी उपसत होता.

"काय करताय?" मी धक्क्यावरूनच विचारलं.

"पाणी उपसतोय."

"ते दिसतंय. कुणाला विचारून?"

त्यानं वर पाहिलं. केसांवर पावसाची भुरभुर, डोळे समुद्रासारखे… नाही, समुद्र त्या दिवशी राखाडी होता. डोळे निळे होते, आणि त्यांत हसू होतं.

"बोट बुडायला लागली की आधी विचारत बसायचं असतं?"

मला रागच आला. ही आजोबांची बोट. ती इथे, मी ओस्लोला. लांबून सांभाळता येत नसेल तर यंदा विकून टाकू, असं भावानं सांगून टाकलं होतं. म्हणून मी हिवाळाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर सेन्सर जोडत बसले, प्रोग्राम लिहिला. तळाशी पाणी वाढलं की पंप आपोआप सुरू होणार, आणि मला फोनवर कळणार. मे महिन्यात बोट पाण्यात उतरवली. लाकडी बोट, हिवाळाभर सुकलेल्या फळ्या पाण्यानं फुगेपर्यंत गळणारच. पण रोज रात्री पाणी चढायचं आणि सकाळी पंप सुरू न होताच उतरायचं. मी प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला, स्वतःला वेड्यात काढलं, शेवटी रजा टाकून बस पकडली. आणि माझी चूक इथे बादली घेऊन उभी होती.

त्या चुकीचं नाव होतं हाल्वार. शेजारच्या बोटीचा मालक, शाळेत सुतारकाम शिकवणारा. आमच्याकडे शेजाऱ्याची बोट बुडू देत नाहीत, असं म्हणत त्यानं थर्मासमधली कॉफी पुढे केली. मी घेतली. राग रागाच्या जागी, कॉफी कॉफीच्या जागी.

"आता जेवढं उपसलंत, तेवढं परत ओता," मी म्हटलं. "माझा पंप चालतो की नाही, मला बघायचंय."

त्यानं निमूटपणे समुद्रातून बादल्या भरून माझ्या बोटीत ओतल्या. दर बादलीला तो माझ्याकडे बघायचा, आणि मी फोनकडे बघितल्यासारखं करायची. अखेर फोन वाजला, पंप गुरगुरला, पाणी बाहेर पडायला लागलं. आनंदाच्या भरात मी त्याचा ओला हात धरला. बोट आता विकावी लागणार नव्हती.

"म्हणजे आता तुला इथे यायचं कारण नाही," तो हळूच म्हणाला. "आणि मलाही तुझ्या बोटीत उतरायचं कारण नाही."

मी फोन खिशात टाकला. एवढी सगळी खटपट मी लांब राहता यावं म्हणूनच केली होती.

"एक सांगू?" तो म्हणाला. "बोट उतरवताना तू वायरींशी भांडत होतीस, तेव्हा पाहिलं तुला. पाणी… तसं फार नसायचं. मला वाटायचं, एखाद्या सकाळी तू येशील."

पाऊस वाढला. त्याचा हात मी अजून सोडला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तरी सोडला नाही.

"हाल्वार, बोटीत पाणी किती ते मला ओस्लोत कळेल. तू कसा आहेस, ते नाही कळणार."

"मग?"

"मग शुक्रवारी येईन. पुढच्या शुक्रवारीही… आणि बोटीसाठी नाही."