ट्रॅक्शनची सही

झालं असं, की कॉटच्या पायथ्याशी लोंबकळणारी वाळूची पिशवी किती जड आहे, ते तिने सहज उचलून बघितलं... आणि कॉटवरचे ड्रायव्हरकाका असे कळवळले की अख्खा वॉर्ड वळला.

"ठेवा खाली. हळू," मागून आवाज आला. फिजिओथेरपिस्ट. कपाळावर आठ्या, पण डोळे – हसरे!

ती शब्दकोशाच्या ऑफिसात शब्दांच्या कामावर नवीन. तिथला नियम कडक. शब्द ज्याच्या रोजच्या कामातला, त्याने अर्थ वाचून कार्डावर सही करायची, तरच तो छापायचा. तिच्या वाट्याला आला 'ट्रॅक्शन'. शनिवारी बारापर्यंत सही नाही, तर शब्द बाद, आणि ही परत प्रुफं वाचायला.

सॉरी सॉरी म्हणत तिने कार्ड पुढे केलं. मोडलेलं हाड जागेवर राहावं म्हणून वजन लावून दिलेली सततची ओढ. त्याने पुढून वाचलं, मागून वाचलं. अपुरं आहे म्हणाला. नुसतंच खाली ओढलं तर पेशंट घसरत जाईल, उलट बाजूनेही ओढ लागते, ते कुठाय? उद्या या.

गुरुवारी त्याला शब्दाचं मूळ हवं होतं. लॅटिनमधलं 'ओढणे', ती म्हणाली. ट्रॅक्टर त्याचा सख्खा भाऊ, कॉन्ट्रॅक्ट चुलत, आणि अट्रॅक्शन... इथे तिची गाडी अडली. कान लालबुंद.

"ते कोण लागतं गं?" काकांनी साळसूदपणे विचारलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर नुसती भिंत होती.

शुक्रवारी काकांनीच एक अर्थ दिला. ओल्या रस्त्यावर चाकाने रस्ता धरला नाही, तर ते जागच्या जागी गरगरतं, तीच ती पकड. त्या अर्थापुरती खाली झोकात सही ठोकली. आणि ह्या फिजिओथेरपिस्टचं काय, तर म्हणे स्वल्पविराम चुकलाय!

शनिवारी, साडेअकराला, ती धापा टाकत आली तर तो जागेवर नाही. काका हळूच म्हणाले, "पोरी, ते उलट ओढीचं तू पहिल्याच दिवशी कार्डामागे लिहिलं होतंस, गडबडीत विसरलीस. त्याने वाचलेलं मी पाहिलंय."

तिने त्याला जिन्यात गाठलं.

"चार दिवस नाचवलंत मला. आज बारापर्यंत सही नाही मिळाली तर माझं हे काम जाणार, माहितीये?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. कार्ड भिंतीवर टेकवून त्याने भराभर सही केली. "बाराचं खरंच माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की... सही केली की तुम्ही यायच्या थांबाल."

ती कार्ड घेऊन धावत सुटली. चार पायऱ्या. आणि थांबली.

"पुढचा शब्द सुताराचा आहे," ती वर न बघता म्हणाली. "तुमच्याकडे माझं आता काहीच काम नाही."

"हो..."

"तरी येईन. उद्या पाचला. तुम्हाला भेटायला."

आणि ती दोन-दोन पायऱ्या उतरत पळाली, कारण बाराला वीस मिनिटं होती आणि हसू आवरत नव्हतं.