शंकरसिंगच्या परसातली बेशरम

भीमराज मास्तरांनी श्रावण शिंप्याच्या शिवणयंत्राच्या फळीवर एक हिरवी फांदी ठेवली आणि घाम पुसला.

घाटंजीच्या बाजारओळीतलं ते दुकान श्रावणचं. पण तिथं जास्त गिऱ्हाइकं यायची ती धर्मपालची. धर्मपाल पूर्वी झरी जामणीच्या जंगलात गार्ड होता. नोकरी सुटल्यापासून लोकांच्या अडलेल्या गोष्टींचा छडा लावणं हाच त्याचा धंदा झाला होता.

"बेशरम हाये," फांदी हुंगत तो म्हणाला. "नाल्याकाठी माजते. बकरीबी तोंड लावत नाही. कायले आणली?"

"शंकरसिंगचं घर इकत घेऊन राह्यलो मी. त्याच्या परसात हे हाये. दोनदा कापलं, अन् आठ दिवसांत पुन्हा कमरेएवढं! मुळं पायव्याखाली गेली तं भिंती फोडतीन." मास्तरांचा आवाज खाली आला. "लोक म्हणतात, भर दुपारी त्या झुडपातून बाईचा आवाज येते. घराचे दोन गिऱ्हाइकं पळाले. दीक्षा घेतल्यापासून मी भूत मानत नाही, भाऊ. पण काल तो आवाज मीबी ऐकला."

"तं सोडून द्या ते घर," श्रावण म्हणाला.

"माह्या बापाची जिंदगी गावाबाहेर गेली. मले गावाच्या मधात दार पाह्यजे. पण लेकरं घेऊन राह्याचं हाये. खरं काय ते सांगा."

धर्मपालने छत्री उचलली.

वैशाखातली दुपार. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. परसाच्या फाटकाशी येताच श्रावणचे पाय थबकले. आतून हलका, घोगरा, एका लयीतला आवाज येत होता. फाटक करकरलं आणि आवाज तुटला. आत कोणीच नव्हतं. वारा नसताना बेशरमीचं एक पान हलत होतं.

श्रावण फाटकातच उभा राहिला. धर्मपाल मात्र गुडघ्यांवर बसला. दोन-अडीच हात लांबीचं, अंड्याच्या आकाराचं ते बेट होतं. मधली जमीन मोकळी, झाडलेली. कडेच्या काड्यांपैकी काही हिरव्यागार, तर काही वाळून गेलेल्या. वाळलेल्या काड्यांवरचे डोळे, कोंब फुटायच्या जागा, जमिनीकडे तोंड करून होते. आजूबाजूला भेगा पडल्या होत्या, पण काड्यांच्या बुडाशी माती ओली होती.

घरमालक शंकरसिंग ओसरीवर भेटला. "फुलसावंगीले वावर घेतलं, तिकडं चाललो. इथं पह्यले काट्याचं कुंपण होतं, दादाच्या हातचं. कायले होतं, ठाऊक नाही. गिऱ्हाइकाले बरं दिसावं म्हणून होळीत टाकलं. त्यानंतर ही बला उगवली."

शेजारचा फुलचंद भिंतीवरूनच बोलला, "मास्तर इथं आला तं मले आवडणार नाही, तोंडावर सांगतो. पण झाड माह्यं नोहे. दोन्ही खेपा मीच कोयत्यानं जमिनीबरोबर कापलं. मुळं माह्या विहिरीत शिरली तं?"

मागच्या खोलीत शंकरसिंगची विधवा भावजय मानीबाई राहत होती. पायांचा आवाज ऐकून ती श्रावणला म्हणाली, "ये शंकर, बस."

"मी श्रावण, माय. शिंपीकाम करतो."

दाराशी दोन घागरी ओल्या होत्या. धर्मपालने पाणी मागितलं, तेव्हा तिला रांजण तिरपा करावा लागला.

"परसातल्या झाडाचं काही माहीत हाये, माय?"

"झाड हाये, बापू. उगवते."

बाहेर आल्यावर श्रावण म्हणाला, "बाईच्या ओढणीवरचं आरशांचं भरतकाम पाह्यलं? काय हात हाये! पण एक नवा आरसा उलटा बसवला. चकाकती बाजू खाली."

धर्मपाल जागच्या जागी थांबला. "उलटा?"

"घाईत झालं असन."

"नाही, श्रावण. उद्या सकाळी सगळ्यांले परसात बोलाव."

सकाळी सगळे जमले. धर्मपालने दोन बोटांनी एक हिरवी काडी ओढली. ती अलगद हातात आली.

"मूळच नाही. मास्तर, हे झाड उगवलं नाही, रोवलं हाये. तुमचा पाया शाबूत हाये. फुलचंद कापत गेला अन् कोणी नाल्यावरून आणून नव्या काड्या रोवत गेलं. शंकरसिंगले घर विकाचं हाये, तो नाही. फुलचंद झाडालेच भ्यायला, अन् त्याची नजर चांगली." त्याने वाळलेली काडी दाखवली. "हिचे डोळे वर पाह्यजेत. ही उलटी रोवली, म्हणजे रोवणाऱ्याले नीट दिसत नाही. आरसाबी उलटा शिवला. दोन घागरी पाणी आणून रांजण तळाले. पाणी कुठं गेलं, मानीमाय?"

मानीबाई भिंतीला टेकली.

"घर विकू नये म्हणून हे केलं?" फुलचंदने विचारलं.

"नाही. काटे गेले, म्हणून तिनं बकरी तोंड लावणार नाही असं कुंपण केलं. आत काहीतरी राखाचं हाये. दोन हात लांब." धर्मपालचा आवाज बदलला. "एवढं लहान कोण असते, शंकरसिंग?"

मग मानीबाईच बोलली.

"माही छोरी. चार महिन्यांची. देवीची साथ होती. तू तांड्यावर होता, शंकर. गल्लीनं वाळीत टाकलं असतं, म्हणून तुह्या दादानं इथंच ठेवली. कोणाले सांगू नको म्हणला."

"अन् तो दुपारचा आवाज?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"मी निजवत होती तिले."

शंकरसिंग तिच्याजवळ गेला. "मले काहून नाही सांगतलं, भाबी?"

"घर विकाचं होतं तुले. उकरून काढली असती."

मास्तर त्या मोकळ्या जमिनीजवळ उकिडवे बसले. मग त्यांनी विचारलं, "माय, पोरीचं नाव काय होतं?"

पोर गेल्यापासून ते नाव तिने कोणापुढे उच्चारलं नव्हतं.

"जमनी."

पंधरा दिवसांनी कचेरीत खरेदीखत करायला सगळे जमले. मानीबाईची खोली आणि परसातली ती जमीन मास्तरांच्या सांगण्यावरून खतातून वगळली होती. फुलचंद बोलावल्याशिवाय आला आणि मास्तरांकडे न बघता साक्षीदार म्हणून सहीला उभा राहिला.

अर्जनवीस चतुःसीमा लिहीत होता. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला फुलचंदची भिंत.

"उत्तरेला काय लिहू?" त्याने टाक थांबवून विचारलं.

"लिहा," भीमराज मास्तर म्हणाले, "जमनीची जागा."