येते म्हणावं

महिनाअखेरीला खोली सोडायची होती आणि हातात उरले होते चार दिवस. कमी भाड्याच्या घरांना तोटा नव्हता. पण शिलाई मशीनची खडखड सोसणारा मालक मिळेल तर शपथ! शिंपीणबाई सहा वर्षांच्या लेकीचं बोट धरून दलालामागे सात घरांचे जिने चढली आणि सातही वेळा हात हलवत परतली.

आठवं घर पाहून मात्र तिचा जीव निवला. दोन खोल्या, खिडकीशी मशीनपुरता उजेड, भाडं इतरांच्या निम्मं.

"इथे मशीन चालेल?"

"काहीही चालेल," दलाल उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. तो आत आलाच नाही.

घर वर्षभर बंद होतं म्हणे. मग फरशी ओली कशी? कुणीतरी नुकतीच पुसून घेतल्यासारखी ती कोपऱ्यांत अजून वाळायची होती. ओट्यावर एक ताट निथळत होतं. तिने हात लावला, तर कोमट.

"नको भाऊ. नाही जमायचं." स्वस्त मिळतोय म्हणून निखारा पदरात बांधणाऱ्यातली ती नव्हती.

निघताना दलाल रिकाम्या घराकडे बघून मोठ्याने म्हणाला, "जातो."

"अहो, काय हे अभद्र बोलणं? येतो म्हणावं."

"इथे नाही, ताई. तुम्हीपण जाते म्हणा."

तिला हसू आलं, तरी ती म्हणाली, "जाते." तेवढ्यात लेक मागे वळली आणि आईनेच लावलेल्या वळणाने म्हणून मोकळी झाली, "येते हं!"

दलाल कुलूप न लावताच जिना उतरला. नंतर त्याने तिचा फोन उचलला नाही.

तिसऱ्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्या मालकिणीने दोन खोल्या दिल्या, मशीन चालवायच्या परवानगीसकट. शिंपीणबाईला रडूच कोसळलं. भर दुपारी तिने नव्या किल्लीने दार उघडलं. लेक पुढे पळाली.

फरशी ओली होती.

ओट्यावर दोन ताटं निथळत होती.

लेकीने चपला भिंतीशी नीट लावून ठेवल्या आणि ती आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आले गं," ती आत बघत म्हणाली. मग जरा थांबून, कुणी काही विचारल्यासारखं, "नाही, आई नाही यायची. ती जाते म्हणाली होती."