शुभांगी थांबतच नाही

पंचवटीच्या बाजारात मी गुलाबाच्या जुड्या मांडून बसले होते आणि फोन नुसता किंचाळत होता. टिंग... टिंग... टिंग! मखमलाबादच्या आमच्या पॉलिहाऊसमधली हवा कोरडी पडली, दमट झाली, परत कोरडी पडली — प्रत्येक बारीक बदलाचा वेगळा संदेश. गिऱ्हाईक वैतागून निघून गेलं.

"हे अ‍ॅप ज्यानं बनवलंय ना, तो सापडू दे. हाच फोन बांधते त्याच्या कानाला!"

शेजारी निशिगंध घेणारा चष्मेवाला मुलगा कानापर्यंत लाल झाला.

"मीच बनवलंय... नवनाथ. डावा कान चालेल का?"

मला असलं हसू फुटलं की राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन पॉलिहाऊसमध्ये हजर. फॉगर धुकं उडवत होते आणि तो सारखा चष्मा पुसत समजावत होता, "दमटपणाचा आकडा सारखा हलतो, म्हणून हा भडिमार होतो. आता आकडा जरा वेळ स्थिर राहिला, तरच संदेश येईल. तोही फक्त शेवटचा."

फोन शांत झाला. नवनाथ मात्र येतच राहिला... सेन्सर पुसायला, वायर बघायला. मी कळ्या खुडता खुडता बोलत असायची; फुलांचे भाव, मावशीचं गुडघेदुखीचं पुराण, काय वाटेल ते. तो मधेच "शुभांगी, मला एक..." म्हणायचा, तोवर माझी गाडी पुढे गेलेली असायची. इतकं मन लावून माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं. मला तो आवडायला लागला होता, फार आवडायला लागला होता.

आणि सिन्नरचं स्थळ आलं. रविवारी पाहुणे बघायला येणार होते. मी त्याला सांगितलं खरं, पण भीतीनं अजूनच बडबडत सुटले. तो चष्मा पुसत राहिला आणि तसाच निघून गेला. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले.

शनिवारी दुपारी पॉलिहाऊसचा पडदा फाटला. गरम वारा आत-बाहेर करत राहिला, दोन वाफ्यांतल्या कळ्यांनी माना टाकल्या, आणि फोनवर एकही संदेश नाही!

"लय कटकट करायचा फोन," निरोप मिळताच आलेल्या नवनाथला माझे वडील, आप्पा, म्हणाले, "पण सांगत तरी होता रे!" आणि सुई-दोरा घेऊन ते पडदा शिवायला गेले.

नवनाथ लॅपटॉपवर वाकला. "चूक माझीच आहे. आकडा थांबायची वाट बघ, असं मी अ‍ॅपला सांगून ठेवलं होतं. वाऱ्यानं आकडा थांबलाच नाही, म्हणून ते गप्पच राहिलं. आता कितीही गडबड असू दे, दर मिनिटाला एक निरोप जाणारच."

"मग हे आधी का नाही सुचलं? कळ्या गेल्या, उद्या पाहुणे येणार, आई म्हणते निळी साडी नेस, मला निळी मुळीच आवडत नाही, आणि तुला तर कशाचं काही—"

"मला तू आवडतेस."

"—नाहीच, आणि वर..."

मी थांबले.

"तू बोलायची थांबलीस की सांगू, असं रोज ठरवायचो," तो म्हणाला. "तू थांबतच नाहीस गं! म्हणून आज मधेच बोललो. उद्या त्यांना येऊ देऊ नकोस... प्लीज."

मी त्याचा हात धरला. गार पडला होता बिचारा.

"आता बोल ना काहीतरी," तो घाबरून म्हणाला.

"आप्पा!" मी जोरात हाक मारली. "सिन्नरला फोन लावा. उद्या येऊ नका म्हणावं!"

आप्पांची सुई थांबली. त्यांनी आमच्या हातांकडे पाहिलं, मग नवनाथकडे.

"लावतो," ते म्हणाले. "पण आधी त्याला म्हणावं, इकडं येऊन दुसरं टोक धर. एकट्यानं पडदा ताणला जात नाय."

नवनाथ धावतच सुटला.