तीन पाण्यांचा पत्रा

हे घडलंय. माझ्या घरात घडलंय. ज्याला पटत नसेल त्यानं पुढं वाचू नये, माझं काही अडलेलं नाही.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. सोमवार ते गुरुवार. बेगडेवाडी स्टेशनच्या मागं आमचं घर आहे, आणि घराला चिकटून माझ्या मुलाचं, फिरोजचं, वर्कशॉप. गेट, ग्रिल, पत्र्याची कामं. रात्रबित्र काही नव्हती, भर दुपार होती. रात्री काही झालं तर माणूस म्हणतो डोळा लागला असेल. दुपारचं काय म्हणणार?

माझं नाव लैलाबी. शाळा चौथीपर्यंत. मी बोलते आणि मोबाईल लिहितो. चुकलं तर शिव्या मोबाईलला द्या.

मी काय करते ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात बाई वारली की दफन करायच्या आधी तिला बायकांनीच आंघोळ घालायची असते. त्याला गुस्ल म्हणतात. देहू रोडपासून आंबीपर्यंत तीस वर्षं हे काम मी करते. कुणाच्या घरचा चहासुद्धा घेत नाही. कितीतरी बायका जिवंतपणीच सांगून ठेवतात, मला लैलाबीच पाहिजे. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पण खरं आहे.

आता हुमेरा.

माझी नात. फिरोजची एकुलती एक. सतरा वर्षांची, बारावीला. तिची आई कंपनीत दिवसपाळीला जाते, त्यामुळं पोर माझ्याच हाताखाली वाढली. कॉम्प्युटरवर एक खेळ असतो. गाणं लागतं, पडद्यावर बाण सरकत येतात आणि पायाखालच्या पाटावर त्या त्या बाणावर पाय द्यायचा. वर, खाली, डावा, उजवा. पुण्यात रविवारी त्याची स्पर्धा होती. सरावाला घरी तसा पाट पाहिजे म्हणून पोरीनं व्हिडिओ बघून स्वतःच नकाशा काढला.

खाली जाड प्लाय. त्यावर नऊ चौकोन. त्यातल्या चार चौकोनांत बाणांचे पत्रे. पत्र्याच्या कडेनं फोमची पट्टी, आणि खाली तांब्याची चिकटपट्टी. पाय पडला की पत्रा दबतो, तांब्याला टेकतो, आणि जुन्या कीबोर्डातून काढलेल्या सर्किटमधून कॉम्प्युटरला कळतं. पाय काढला की फोम पत्रा उचलून धरतो. साधं काम. बापलेकीनं दिवाळीच्या सुट्टीत बसून केलं.

अडलं ते पत्र्यावर.

“पातळ पत्रा नको अम्मी, दोन दिवसांत वाकंल,” फिरोज म्हणाला. “अठरा गेजचं स्टील पायजे. तेवढं आत्ता न्हाई माझ्याकडं.”

“मागं शेडात पडलंय की.”

हुमेरा वायर आणायला आत गेलेली बघून फिरोज हळूच बोलला.

“अम्मी, ते गुस्लचं टेबल हाय.”

होतंच. मशिदीत नवा दगडी ओटा बांधला तेव्हा जुनं टेबल भंगारात चाललं होतं. मीच ते उचलून आणायला लावलं. चांगला पत्रा भंगारात घालायचा म्हणजे काय?

“त्याच्यावर पोरगी पाय ठेवणार?” फिरोज म्हणाला.

“का रं? त्याच्यावरनं माणूस पाक होऊन जातं. एवढा धुतलेला पत्रा मावळात दुसरा दाखव मला.”

“मंग तिला सांगतो, कुठला हाय ते.”

“काय गरज न्हाई. उगा मनात धरंल. काप गुमान.”

त्यानं कापला. माझ्या हुकमानं कापला.

सोमवारी दुपारी पाट तयार झाला. हुमेरा तासभर नाचली. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते. घामाघूम झाली, आणि पाणी प्यायला आत गेली.

पाट रिकामा.

टॉक…

पडद्यावर वरचा बाण पेटला.

“पप्पा, शॉर्ट होतंय कुठंतरी!” ती आतून ओरडली.

टॉक… उजवा.

मग जरा थांबून… डावा.

मग कितीतरी वेळ काहीच नाही. आणि मग खालचा. अगदी हळू. पत्रा पुरता दबलाच नाही, बाण नुसता पेटून विझला.

“फोम बसला असंल,” म्हणत फिरोज स्क्रूड्रायव्हर घेऊन आला.

माझे हात परातीत थांबले होते.

डोकं. मग उजवी बाजू. मग डावी बाजू. मग मयताला मागून टेकू देऊन थोडं उठवायचं, आणि पोटावरून हात फिरवायचा. हळूच.

एक पाणी असं पुरं होतं.

आणि तेव्हाच वास आला… बोरीचा पाला उकळल्याचा. पहिल्या दोन पाण्यांत आम्ही तोच घालतो. आमच्या अख्ख्या आळीत बोरीचं झाड नाही.

मंगळवारी काही झालं नाही. हुमेरा दिवसभर नाचली. मी स्वतःलाच चार शिव्या घातल्या. म्हातारी झाली लैलाबी, म्हटलं.

बुधवारी दुपारी लाईट गेली. कॉम्प्युटर बंद, पंखा बंद. हुमेरा पलंगावर मोबाईल बघत बसलेली. फिरोज वर्कशॉपात, मशीन बंद म्हणून तोही स्वस्थ. इतकं शांत, की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता.

मग तोही ऐकू येईना.

टॉक…

वीज नव्हती. पडदा काळा होता. पण पत्रा दबलेला मला दिसला. एखाद्यानं तळवा ठेवावा तसा.

वर… उजवा… डावा… खाली.

हुमेरानं मान वर केली. “दादी, तू पाय लावलास?”

मी पाटाजवळ जाऊन पत्र्यावर हात ठेवला. गार. हात उचलला तर पंजा ओला.

वास तोच, बोरीच्या पाल्याचा.

“फिरोज! ह्यो पाट मोड. आत्ताच्या आत्ता.”

“दादी!” हुमेरा उठलीच. “का?”

“मी सांगते म्हणून.”

“हे काय कारण झालं? रविवारी स्पर्धा आहे माझी! तुला नाचणं आवडत नाही तर तसं सांग ना!”

“लय चुरूचुरू बोलाय लागलीस.”

“मग कारण सांग!”

फिरोजनं तोंड उघडलं. “अम्मी, सांग की तिला, तो पत्रा…”

मी त्याच्याकडं नुसतं बघितलं.

एक वाक्य होतं. तो पत्रा कुठला ते सांगितलं असतं तर पोरीनं स्वतःच पाट उचलून बाहेर फेकला असता. पण मग मी चुकले असंही सांगावं लागलं असतं. नातीपुढं, मुलापुढं. माझी जीभ उचललीच नाही. जगाला बोलायला जीभ आहे, तेवढ्याला नव्हती.

ती रडायला लागली. शेवटी फिरोजनं मधला मार्ग काढला. वायरी तोडल्या आणि पाट भिंतीला उभा केला. म्हणाला, रविवारपर्यंत बघू.

मी रात्रभर जागी. कारण पाणी तीन असतात. तिसऱ्या पाण्यात कापूर घालतात. आणि त्यानंतर अंगावर कफन.

गुरुवारी सकाळी आंबीहून फोन आला. याह्या किराणावाल्याची बायको गुलनाज पहाटे वारली.

“मला जमायचं न्हाई,” मी म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

“लैलाबी, तिनं तुमचंच नाव सांगून ठेवलंय,” याह्या रडत होता. “दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका म्हणाली.”

मी गेले. तिथंही माझा मोठेपणाच आडवा आला, आता कळतं. दफन संध्याकाळी होतं म्हणून दुपारी फिरोजच्या टेम्पोतून गेले. जाताना शेजारच्या सारिकाला हुमेराजवळ बसवलं.

“पोरीला त्या पाटाला हात लावू देऊ नको.”

“मावशी, पाट काय चावतोय व्हय?” सारिका हसली.

“बस म्हणलं की बसायचं.”

“बसते बाई. तुमच्यापुढं कोण बोलणार.”

आंबीत सगळं रीतीनं चाललं होतं. खोलीत गुलनाज, मी, आणि पाणी ओतून द्यायला तिची सून. पहिलं पाणी झालं. दुसरं झालं. तिसऱ्या पाण्यात मी कापूर चुरला.

वास आला नाही.

बोटं नाकाशी नेली… काही नाही. खडू चुरल्यासारखं.

“कापूर ताजा हाय का गं?”

“आत्ताच पुडा फोडला, खाला.” तिनंही हुंगून बघितलं. तिचा चेहरा बदलला. “ह्याला वासच न्हाई.”

बाहेर माझ्या पिशवीत फोन वाजायला लागला.

मयत अर्धं ओलं ठेवून उठता येत नाही. कुणीच उठत नाही. मी तर नाहीच. डोक्यावर पाणी घातलं. फोन वाजतोय. गुलनाजला डाव्या कुशीवर करून उजवी बाजू धुतली. फोन थांबला. परत वाजायला लागला. उजव्या कुशीवर करून डावी बाजू धुतली.

मला माहीत होतं तो फोन कुणाचा ते. आणि माझे हात थांबत नव्हते.

डावा हात धुवायला उचलला तेव्हा… तो हलका लागला.

जिवंत माणसाचा हात धरला की तो थोडा आपणहून येतो. मेलेला सगळा आपल्यालाच उचलावा लागतो. गुलनाज पहाटे वारली होती. तिचा हात माझ्याबरोबर वर आला.

मी नीट बघितलं. श्वास नव्हता. डोळे मिटलेले, हनुवटी बांधलेली. बाई मेलेलीच होती.

तिला उठवून पोटावरून हात फिरवला. हळूच. आणि फोन थांबला, तो परत वाजला नाही.

घरी आले तर सारिका दारात बसून रडत होती. तिच्या तोंडून ऐकलं ते तसंच सांगते.

“मावशी, मी चहा टाकायला आत गेलते, तेवढ्यात तिनं पाट खाली घेतला. आन त्याच्यावर झोपली. सरळ, हात बाजूला. मी म्हनलं अगं ऊठ, थंडी बाधंल. तिनं डोळं मिटलं. मग ते पत्रं वाजाया लागलं. कुणी न्हाई हो तितं! तिचं डोकं हाललं. मग ती अशी… कुणी खांद्याला धरून डाव्या कुशीवर करावं तशी झाली. मग उजव्या कुशीवर. मी किती फोन लावलं तुमाला! आन कापराचा एवढा वास, मला वाटलं आमच्याच देव्हाऱ्यातनं येतोय.”

“किती वाजता?”

तिनं मोबाईल दाखवला. चार वाजून दहा. माझ्या पिशवीतल्या फोनवरही तीच वेळ.

सारिकाला आमच्या रीतीतलं काही ठाऊक नाही. आधी कुठली बाजू, मग कुठली, हे तिला कोण सांगणार?

म्हणजे आंबीत मी धुतलं कुणाला?

हुमेरा आत पलंगावर चहा पीत बसली होती. केस ओले.

“काय झालं दादी? सारिकाताई उगीच रडतेय. मला जरा झोप लागली होती.”

ताप बघावा म्हणून मी तिचा हात उचलला.

ताप नव्हता. पण तो हात आला नाही. मलाच सगळा उचलावा लागला.

तळेगावच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. रक्त चांगलं, हृदय चांगलं. फिरोजनं त्याच संध्याकाळी पाट मोडून पत्रे कब्रस्तानच्या भिंतीकडेला खोल पुरले. इमामसाहेबांना विचारलं. त्यांनी दुआ पढली आणि म्हणाले, पत्र्यात काय असतं लैलाबी, मनातून काढा. बरोबर आहे. मीही तेच म्हणाले होते.

पोरगी जेवते. कॉलेजला जाते. हसायचं तिथं हसते. स्पर्धेला गेली नाही, आणि का गेली नाही हे तिला विचारलं तर म्हणते, राहिलं.

एक गोष्ट मी अजून कुणाला बोललेली नाही. फिरोजलाही नाही.

तिसऱ्या पाण्यानंतर बाईला कफनात घेताना आम्ही तिचे केस विंचरत नाही, बांधत नाही. मोकळ्या केसांचे दोन भाग करतो आणि छातीवर ठेवतो. आधी उजवा. मग डावा. हे धुणाऱ्या बायकांखेरीज कुणी बघत नाही. हुमेरा मयताच्या खोलीत आजवर कधी शिरलेली नाही.

त्या शुक्रवारपासून ती रोज न्हाऊन येते, आरशापुढं उभी राहते, आणि ओल्या केसांचे दोन भाग करून छातीवर घेते. आधी उजवा. मग डावा. मग तशीच उभी राहते… कुणीतरी पुढचं करावं याची वाट बघत असल्यासारखी.

“काय बघतेस दादी?”

“काही नाही गं.”

फिरोज म्हणतो, अम्मी, आतातरी तिला पत्र्याचं सांगून टाक, तुझं मन हलकं होईल. माझीही आता सांगायची तयारी आहे. मी चुकले, एवढं म्हणायचीही आहे. रोज तिच्यासमोर जाऊन बसते. तोंड उघडते.

पण ऐकायला समोर जी बसलीय, ती हुमेराच आहे का… हे मला ठरवता येत नाही.