लॉनच्या फवाऱ्याची वर्षभर गॅरंटी

कुंपणापलीकडून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर अचानक पाण्याची धार पडली, तर तो काय करील? शिव्या घालील, नाहीतर आपल्याच नशिबाला दोष देत पुढे जाईल. या गड्याने स्कूटर बाजूला लावली, ओले केस मागे सारले, कुंपणावरून आत वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "कोपऱ्यातल्या फवाऱ्याची मान मोडलीय."

आत लॉनवर डॉक्टरीणबाई उकिडवी बसलेली. दातांची डॉक्टर. सुट्टीचा दिवस, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, दोन्ही हातांनी तो फवारा दाबून धरलेला, आणि बोटांच्या फटीतून पाणी तिच्याच तोंडावर. सॉरी अगदी ओठांवर आलं होतं... पण त्याच्या भुवईवरचा एक थेंब नाकावर उतरला, नाकावरून ओठावर आला, आणि तिचं सॉरी गेलं वाहून.

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?" तिने विचारलं.

"हाच तर धंदा आहे माझा. एरवी गिऱ्हाईक शोधत हिंडतो. आज गिऱ्हाइकाने पाणी मारून बोलावलं."

झालं. नळ बंद करून तो आत आला, कुदळीने दोन-चार ठिकाणी उकरलं. झाडाच्या मुळांनी पाइप चिरला होता, व्हॉल्व्ह चिकटला होता, फवारे म्हातारे झाले होते. त्याने तिथेच बसून दुरुस्तीचा हिशोब मांडला आणि कागद तिच्या बाबांच्या हातात दिला.

बाबा म्हणजे बँकेतून रिटायर झालेला कवडीचुंबक माणूस. त्यांनी चष्मा चढवला, उतरवला, परत चढवला. म्हणाले, एवढ्या पैशात मी सगळी जमीन हिरव्या ऑइलपेंटने रंगवून घेईन. नाहीतर सरळ फरशी. फरशीला पाणी लागत नाही.

गडी एक पैसा खाली उतरला नाही. म्हणाला, स्वस्तात ठिगळंही लावून देतो, पण मग दर महिन्याला काहीतरी मोडेल, दर महिन्याला तुम्ही मला बोलावणार आणि शिव्या घालणार.

डॉक्टरीणबाई केस पुसत होती. एकदम भोळा चेहरा करून म्हणाली, "मला चालेल... दर महिन्याला."

त्याचे कान लाल झाले. आणि त्या लाल कानांच्या गडबडीत तो बोलून बसला – वर्षभराची गॅरंटी देतो, काहीही बिघडलं तर सामान माझं, मजुरी माझी. त्याचं वाक्य संपायच्या आत बाबांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

काम असं चोख झालं की बघत राहावं. सकाळी फवारे टोपी काढल्यासारखे वर यायचे, गोल फिरायचे, गवतावर बारीक धुकं पसरायचं, मग गुपचूप जमिनीत. एक थेंब इकडचा तिकडे नाही. आणि तीच तर पंचाईत. काही बिघडेचना. डॉक्टरीणबाई रोज चहाचा कप घेऊन लॉनला फेऱ्या मारायची – कुठे गळतंय का, कुठे अडतंय का... छे.

मग तिने स्वतःच मनावर घेतलं.

आधी दातांतली कीड शोधायच्या बारीक आकड्याने एका फवाऱ्याचा स्क्रू पिळला. शनिवारी तो आला. तिने चहा दिला. कप घेताना बोटाला बोट लागलं, दोघांनीही लागलंच नाही असं दाखवलं. पुढच्या आठवड्यात तिने दवाखान्यातलं दातात भरायचं सिमेंट आणलं आणि एका नोझलच्या भोकात बसवलं. तो पांढरा दगड बघून त्याने डोकं खाजवलं, पाण्यात क्षार असणार म्हणाला, आणि पदरचे पैसे घालून फिल्टर बसवला. तिला जरा चुटपुट लागली. पण तो फिल्टर बसवताना गुणगुणत होता, आणि मान वर करून मधूनच तिच्याकडे बघत होता... चुटपुट कुठली टिकतेय. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिने फवाऱ्यावर चक्क उडीच मारली.

बाबा खूश. "तुझा फवारेवाला आला बघ," ते ओरडून सांगायचे. फुकट कामाला कोण नाही म्हणतं?

मग एका शनिवारी तो आला तो गुणगुणत नाही, बोलत नाही. ओसरीवर बाबांच्या पुढे बसला आणि खिशातून पाकीट काढलं. म्हणाला, दुरुस्तीचे सगळे पैसे परत घ्या. माझ्याच हातात काहीतरी खोट आली आहे. दाब चुकतोय का उतार, काही कळत नाही. दोन नवीन कामं सोडून दिली, लोकांच्या लॉनचं वाटोळं नको. मामाचं टायरचं दुकान आहे, उद्यापासून तिथे बसतो.

बाबांचा हात पाकिटाकडे निघाला.

"बाबा, हात मागे घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाली. खेळता खेळता आपण कुणाची तरी भाकरीच मोडतोय, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. तिने एका दमात सांगून टाकलं – आकडा, सिमेंट, उडी. काही लपवलं नाही, रडली नाही, मानही खाली घातली नाही. फिल्टरचे आणि सामानाचे पैसे मी देणार, म्हणाली.

तो बघतच राहिला. "म्हणजे माझं काम..."

"तुमचं काम इतकं पक्कं आहे की मोडायला मला दवाखाना घरी आणावा लागला."

"किती रात्री झोपलो नाही मी, डॉक्टर." आवाजात राग होता, खरा.

"मीसुद्धा नाही," ती म्हणाली. "तुम्हाला पाइप दिसायचा. मला तुम्ही."

बाबा पाकिटाकडे बघत होते. गडी लॉनकडे बघत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले... आणि तो हसला, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पाकीट उचलून त्याने खिशात घातलं.

"जाणूनबुजून मोडलं तर गॅरंटी रद्द होते," तो म्हणाला.

तिचा चेहरा पहिल्यांदाच पडला. "म्हणजे आता यायचं नाही?"

"गॅरंटीत नाही यायचं. दोन कामं परत मागून आणतो. आणि मग... मला वाटलं म्हणून येतो. तुमच्यासाठी."

पुढच्या शनिवारी बेल वाजली. बाबांनी दार उघडलं. दारात तो, इस्त्रीचा शर्ट, केस कोरडे, हात रिकामे. बाबांनी विचारलं, आता काय मोडलं?

"काही नाही, काका. डॉक्टरांना भेटायला आलोय. परवानगी असेल तर नेहमी येईन."

बाबांनी चष्म्यातून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मागे वळून लेकीकडे बघितलं. तिने फक्त भुवया उडवल्या.

"येण्याचे पैसे लागतील?"

"नाही."

"मग रोज या," बाबा म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले.